पश्चिमेला जाताना आलेली चतुर्थी

परत येऊन तीन आठवडे झाले, तरी अमडापूरच्या बसथांब्यावर मी दिसलो की कोणी ना कोणी विचारतंच, "सर, किती दूर हाय हो अमेरिका?" छत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवल्यामुळे मला थोडक्यात उत्तर देता येत नाही. मुंबई ते लंडन सात हजार दोनशे किलोमीटर, साडेनऊ तास. तिथं साडेपाच तास नुसतं बसायचं. लंडन ते शिकागो सहा हजार साडेतीनशे, आणखी नऊ तास. एवढं सांगेपर्यंत समोरच्याची चिखलीची गाडी लागते आणि तो मान डोलावत चढून जातो.

आकडे सगळे बरोबर आहेत. तरीही या प्रवासात माझा भूगोल सपशेल नापास झाला, तोही बायकोच्या उपासापायी. गावात मी हे अजून कोणाजवळ बोललो नाही. पण ज्यांनी विमान आतून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी लिहायला बसलोच आहे, तर तेवढंच लपवून कशाला ठेवायचं.

तारीख मी धरली

मीनल ही आमची एकुलती लेक. सात वर्षांपासून ती आणि जावई शिकागोजवळच्या एका लहान गावात राहतात. ती दरवर्षी 'या, या' म्हणायची आणि दरवर्षी आमचं काहीतरी निघायचं. जायच्या पावणेदोन वर्षं आधी तर मीच आडवा झालो. छातीत कळ आली, संभाजीनगरच्या दवाखान्यात दोन स्टेंट बसले, आणि पंधरा दिवसांनी मी माझ्या पायांनी घरी आलो. त्या पंधरा दिवसांत माझ्या बायकोनं, सुमननं, एकवीस संकष्ट्या बोलल्या. चंद्र डोळ्यांनी पाहिल्याशिवाय जेवायचं नाही. मधली एक जरी मोडली तरी पुन्हा पहिलीपासून मोजायला लागायचं. हा नियम कोणत्या पोथीत आहे ते मी विचारलं नाही.

"अगं, डॉक्टरांनी वाचवलं मला," एवढं मात्र मी म्हणालो होतो.

"डॉक्टरले बुद्धी कोनं देल्ली?" सुमन म्हणाली, आणि विषय संपला.

वीस झाल्या. पावसाळ्यात ढग असले की ही गच्चीवर खुर्ची टाकून बसायची. एकदा तर टेकडीवरच्या देवीपर्यंत चढून गेली, तिथून आधी दिसेल म्हणून. मी आपला आठच्या ठोक्याला जेवून घ्यायचो. मला गोळ्या असतात, आणि असल्या गोष्टींवर माझा विश्वासही नाही.

जावयानं तारीख विचारली तेव्हा मी जी सांगितली ती पितृपक्षातली होती. मुद्दामच सांगितली. पितृपक्षात घराबाहेर पडू नये म्हणणाऱ्यांशी मी नोकरीला लागल्यापासून वाद घालत आलोय, त्यामुळे तेवढा एक मुद्दा सिद्ध करायची हौस होती. त्यापुढं कॅलेंडर काही पाहिलं नाही. तिकिटं आल्यावर सुमननं भिंतीवरचं कॅलेंडर काढून माझ्या नाकासमोर धरलं.

"निघाच्या दिवशीच चतुर्थी हाय. एकविसावी."

आता तारीख बदलायची म्हणजे तिकडच्या सगळ्या सुट्या बदलायच्या. मी एका लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर पृथ्वी काढली, तिच्यावर उभ्या रेषा ओढल्या आणि वर्गात उभा राहायचो तसा उभा राहिलो. "हे बघ. आपण पश्चिमेला जातोय. शिकागोचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागं आहे. म्हणजे तेवढे तास आपल्याला वर मिळतात. तुझा उपास उलट सोपा होईल. दिवस प्रवासात जाईल, रात्री मीनलकडं पोचायचं, चंद्र पाहायचा आणि तिच्या हातचं जेवायचं."

"पक्कं सांगता?"

"छत्तीस वर्षं हेच शिकवलं."

पृथ्वीगोलाच्या बाबतीत आमच्या घरात माझा शब्द शेवटचा असतो. बाकी कशाच्याच बाबतीत नसतो. सुमननं कॅलेंडर पुन्हा खिळ्याला लावलं आणि ती नैवेद्यासाठी खोबरं किसायला बसली.

काळ्या समुद्रावरचं संत्रं

आदल्या रात्री आठ वाजता आम्ही ठाण्याला सुमनच्या चुलतबहिणीकडं पिठलं-भाकरी खाल्ली. सकाळी सातला विमान उडालं. पहिल्यांदा उडताना पोटात काय होतं ते सगळेच लिहितात, म्हणून मी लिहीत नाही. सुमननं माझं मनगट धरलं होतं आणि मी खुर्चीचा दांडा धरला होता, एवढं पुरे. वर गेल्यावर ती म्हणाली, "डबा काढा."

डब्यात साबुदाण्याची उसळ आणि शेंगदाण्याचे लाडू होते. पहाटे विमानतळावर मी हातातली पिशवी हलकी व्हावी म्हणून सामान नीट लावलं होतं. त्या नीट लावण्यात डबा मोठ्या बॅगेत गेला होता, आणि मोठी बॅग पट्ट्यावरून आत. मी हे सांगितलं.

"म्हंजे थो डबा आता शिकागोलेच भेटन?"

"हो."

"बरं हाय. त्याले बी अमेरिका पाहू द्या."

गूळ-खोबऱ्याची डबी तेवढी तिच्या पर्समध्ये होती, पण तो नैवेद्य. चंद्राला दाखवल्याशिवाय तिला हात लावायचा नव्हता.

थोड्या वेळानं जेवणाची ताटं आली. राजमा, भात, थंडगार गोल पाव, आणि बोटाच्या पेराएवढ्या पुड्यांत मीठ-मिरी. सुमननं तिच्या ताटातलं संत्रं आणि चहा घेतला. मी माझं ताट संपवलं, आणि अन्न टाकू नये म्हणून तिचंही संपवलं. राजमा चांगला होता हे मान्य करायला हवं.

समोरच्या खुर्चीच्या पाठीला एक पडदा होता आणि त्यावर नकाशा. आमचं विमान त्यावर बाणासारखं सरकत होतं. उंची अकरा हजार मीटर, बाहेर उणे पन्नास अंश, उरलेलं अंतर इतकं, उरलेला वेळ इतका. हे आकडे दर मिनिटाला बदलायचे आणि मला ते वाचायला कंटाळा येत नव्हता. ज्या समुद्रांची नावं मी फळ्यावर लिहून पोरांकडून घोकून घेतली, ते एकामागून एक खालून चालले होते. कॅस्पियन आला, मग काळा समुद्र आला. खाली पाहिलं तर तो निळा होता. मला इतकं बरं वाटत होतं की मी सुमनचं संत्रं हातात घेतलं, खिशातलं पेन काढलं आणि सालीवर रेखावृत्तं ओढायला लागलो. वर्गात हे मी मोसंबीवर करायचो. इकडं अमडापूर, तिकडं शिकागो, इथं सूर्य, हा चंद्र.

आणि पेन थांबलं. अमडापूरचा ठिपका चंद्रासमोर आला तेव्हा शिकागोचा ठिपका अजून पार पलीकडं होता. तो चंद्रासमोर यायला संत्रं आणखी बरंच फिरवावं लागत होतं. आम्ही पश्चिमेला पळत होतो म्हणजे उगवत्या चंद्रापासूनच पळत होतो. साडेदहा तास वर मिळतात हे खरं होतं. ते उपाशी काढायचे होते.

मी मनातल्या मनात जुळवलं. सुमन घरीच राहिली असती तर आदल्या जेवणापासून चोवीस तासांत सुटली असती. आता पस्तीस होत होते. तिला पित्ताचा त्रास आहे, उपास लांबला की डोकं धरून बसते. आणि डबा मी खाली पाठवून दिला होता.

"थे संत्रं मले खायाले आनलं का शिकवाले?" सुमननं विचारलं. मी ते तिच्या हातात दिलं. तिनं रेखावृत्तांसकट सोललं आणि एकेक फोड सावकाश खाल्ली.

लंडन

लंडनला उतरलो. विमानतळ म्हणजे एक काचेचं गाव होतं. लोक धावत होते तरी कोणी कोणाला धक्का देत नव्हतं, आणि चुकून बाही लागली तरी मागं वळून माफी मागत होते. आपल्याकडं शेगावच्या गर्दीत असं करायचं ठरवलं तर मंदिरात पोचणारच नाही. एका कोपऱ्यात बसल्यावर मी सुमनला सगळं सांगितलं.

ती माझ्याकडं वळली. "पोराइले बी असंच शिकवलं तुम्ही?"

"नाही गं. पोरांना बरोबर शिकवलं."

"मंग मलेच काऊन चुकीचं सांगतलं?"

खरं उत्तर असं होतं की पोरांना शिकवायला जाताना मी आदल्या रात्री वाचून जायचो. बायकोला सांगताना कोण वाचतो? मी तेही सांगितलं. ती रागावली नाही. "पस्तीस तं पस्तीस," म्हणाली, आणि चपला काढून पाय वर घेऊन बसली.

लंडनची दुपार चाराकडं झुकली तेव्हा आमच्या शेजारच्या कांताचा व्हिडिओ कॉल आला. अमडापुरात रात्र झाली होती. कांता तिच्या गच्चीवर उभी होती आणि तिनं फोन आकाशाकडं फिरवला. "काकू, पाहा, निंघाला. पान्याच्या टाकीवर दिसून राह्यला. सोडा आता उपास, मी बी जेवाले बसतो." फोनमध्ये एक पांढरा डाग हलत होता.

मला हायसं वाटलं. मी लगेच वकिली सुरू केली. हा अमडापूरचाच चंद्र, तू दर महिन्याला हाच पाहतेस, तोही याच टाकीवर, आणि गावात आत्ता उपास सुटतोच आहे. सुमननं कांताचं मन राखायला फोनला हात जोडले, तिला जेवायला बस म्हणून सांगितलं आणि फोन बंद केला.

"कांता जेवली तं माहं पोट भरन का? अन् मी अमडापुरात हाव का आता? जिथं आपले पाय थिथला चंद्र."

"पाय तर आता पुन्हा हवेत जाणार आहेत."

"मंग हवेतला."

मी तिला एक केळं आणून दिलं. समोरच्या दुकानातून ताज्या पावाचा वास येत होता आणि मलाही भूक लागली होती. मी काही घेतलं नाही. व्रत वगैरे काही नव्हतं. तिच्यासमोर बसून चापलेली ती दोन ताटं मला टोचत होती, आणि शेजारी ती केळं पुरवून पुरवून खात असताना माझ्या घशाखाली काही उतरलं नसतं. संध्याकाळची गोळी मी तिकडं कोपऱ्यात जाऊन कपभर दुधाबरोबर घेतली.

"खाल्लं काई?" परत आल्यावर तिनं विचारलं.

"खाल्लं," मी म्हणालो.

अटलांटिकवर

पुढच्या विमानात सुमन खिडकीशी, मध्ये मी, आणि कडेला नांदेडच्या फातिमा आपा. वय सत्तरीचं, मुलगा शिकागोत, ही त्यांची तिसरी खेप. विमान सुटायच्या आत त्यांनी आमचं गाव, मुलं, दुखणी, सगळं विचारून घेतलं. सुमनचं हिंदी वऱ्हाडी वळणाचं आहे, पण आपांचं नांदेडचं असल्यामुळे दोघींचं छान जमलं. मी मध्ये बसून मान इकडून तिकडं फिरवत होतो.

जेवण आलं तेव्हा आपांनी विचारलं, "बहन, तुम कुछ ले नहीं रहे, तबीयत तो ठीक है ना?"

"उपास है बाई. चाँद देखे बगैर खाना नहीं."

आपांनी तोंडाला पदर लावला आणि हसायला लागल्या. "अरे, ये तो हमारे वालाच मामला हो गया." पहिल्यांदा त्या रमजानात गेल्या होत्या म्हणे. रोजा होता, आणि खिडकीतला सूर्य काही बुडेना. नांदेडला इफ्तार होऊन, झोपून, लोक पहाटेच्या सेहरीला उठायला आले तरी यांचा सूर्य आपला तिथंच. "पायलट सूरज के पीछेच पड़ गया था. मैं बोली, अब क्या करना? पर हमारे में ऐसाच है, जहाँ बैठे वहाँ का सूरज देखना. गाँव का नक्को."

सुमननं माझ्याकडं पाहिलं. "ऐका. ह्याइले समजते, अन् भूगोलाच्या सराले समजत नाही."

खिडकीबाहेर खरोखरच संध्याकाळ थांबली होती. लंडनहून निघालो तेव्हा ऊन तिरपं झालं होतं, आणि चार तासांनीही ते तेवढंच तिरपं होतं. खाली ग्रीनलँडच्या टोकाचे बर्फाचे डोंगर आले, त्यांच्यावर पिवळं ऊन. मी सुमनला दाखवलं. तिनं पाहिलं, "सुंदर हाय," म्हणाली, आणि डोळे मिटून घेतले. कपाळावरची शीर उडत होती. पित्तानं डोकं धरलं होतं.

पुढचे दोन तास मला या प्रवासातले सगळ्यात वाईट गेले. आपांनी हवाई सुंदरीकडून गरम पाणी आणि लिंबाची फोड मागून घेतली, मी त्यात साखर घातली, आणि सुमननं ते घोट घोट घेतलं. तिचे हात गार पडले होते. मी घाबरलो होतो, सरळच सांगतो.

"सुमन, सोड आता," मी म्हणालो. "चूक माझी आहे. काही होत नाही. मी चांगला ठणठणीत आहे."

"हाव ना. म्हनूनच तं नाही सोडत." तिनं डोळे उघडले नाहीत. "वीस केल्या. तुमाले चाकाच्या खुर्चीत बसवून आत नेलं होतं तवा तुम्ही मांगं वळून पाह्यलं होतं. थे मले दिसते. एक दिवस डोकं दुखलं तं काय मरतो का मी."

मला ते मागं वळून पाहणं आठवत नव्हतं. मी तिचं कपाळ दाबत बसलो. तिला झोप लागली. पहिलं ताट मी आधीच परत केलं होतं, आता दुसरं आलं, तेही केलं. आपांनी दोन्ही वेळा पाहिलं. आपल्या ताटातला पाव त्यांनी कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवला.

तळ्यावर घिरट्या

सूर्य अखेर बुडाला तेव्हा पडद्यावर उतरायला सव्वा तास उरला होता. सुमन जागी झाली, तिचं डोकं थोडं उतरलं होतं. तिनं केसांवरून हात फिरवला, पर्समधली डबी चाचपली. एवढ्यात सूचना झाली. शिकागोवर वादळी पाऊस आहे, उतरायची परवानगी नाही, विमान मिशिगन सरोवरावर घिरट्या घालत थांबेल.

"पाऊस?" सुमन म्हणाली. "मंग चंद्र कसा दिसन?"

खिडकीतून खाली पाहिलं तर नुसते ढग, नजर पोचेल तिथपर्यंत, आणि मध्येच आत वीज पेटून विझत होती. तिथं खाली उतरलो की चंद्र कुठला? पस्तीस तासांचे मग किती होतील, उद्याचा चंद्र पंचमीचा, तो चालतो का, आणि नाही चालला तर पुन्हा पहिलीपासून एकवीस. मी घड्याळ पाहिलं. शिकागोचे आठ वीस. ज्याचा विश्वास नाही त्या माणसाच्या छातीत आता धडधडत होतं, आणि ते स्टेंटमुळे नव्हतं.

विमान वळलं. आपा एकदम पलीकडच्या खिडक्यांकडं बोट दाखवायला लागल्या. "वो देखो बहन, उधर, उधर." पलीकडच्या बाजूला काचेत काहीतरी तांबूस होतं. सुमन उठायला गेली आणि पट्ट्यानं तिला परत खाली बसवलं. पट्टा सोडते तोवर लांबून हवाई सुंदरीनं हातानं 'बसा, बसा' केलं. विमान सरळ झालं आणि ते तांबूस निघून गेलं.

"गेला," सुमन म्हणाली.

"अगं, घिरट्या घालतंय ना, पुन्हा वळेल. आता उलटं फिरेल. आपल्या बाजूला येईल." मी पडद्यावरच्या नकाशात विमानाचं नाक पाहत होतो. उत्तर, वायव्य, पश्चिम. आयुष्यात दिशा मी एवढ्या जीव तोडून कधी पाहिल्या नव्हत्या. नैर्ऋत्य, दक्षिण. "आता बघ. आता डावीकडं बघ."

आणि तो आला. वर आकाशात नव्हता, आमच्या बरोबरीनं होता. ढगांच्या काठावर बसलेला, मोठा, पिकलेल्या आंब्याच्या रंगाचा, एका बाजूनं थोडा खाल्लेला. खालचे ढग दूरपर्यंत उजळले होते. मी विमानातून समुद्र पाहिले, बर्फ पाहिलं, पण मला कोणी विचारलं तर मी हेच सांगेन.

सुमननं हात जोडले. ओठ हलत होते. मग बाटलीच्या झाकणात पाणी घेऊन तिनं खिडकीला दाखवलं आणि मी खाली धरलेल्या कागदी पेल्यात सोडलं. डबी उघडली, चंद्राला दाखवली. चिमूटभर गूळ-खोबरं तोंडात घालणार, तोच आपा माझ्यावरून वाकून म्हणाल्या, "बहन, तुम्हारे मियाँ को भी दो. इन्होंने भी दोनों बार खाना वापस किया. लंदन से भूके बैठे हैं."

सुमनचा हात थांबला. "खरं?"

"भूक नव्हती," मी म्हणालो.

"गोळी?"

"दुधाबरोबर घेतली."

ती भडकली. एवढ्या लांबच्या उपासात भडकायला ताकद कुठून आणली कोण जाणे. "मी ज्याच्यासाठी उपाशी मरून राह्यली, थोच मानूस उपाशी बसला? काई अक्कल हाय का नाही तुमाले? डॉक्टरनं काय सांगतलं होतं?" आजूबाजूचे गोरे लोक वळून पाहायला लागले. बोलता बोलता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, तरी बोलणं थांबेना. मग तिनं डबीतल्या गूळ-खोबऱ्याचे बोटानं मधोमध दोन भाग केले आणि एक माझ्या तोंडात कोंबला. आपांनी पर्समधून तो पाव काढून आमच्या दोघांच्या हातात अर्धा अर्धा दिला. तो पाव आम्ही मिशिगन सरोवराच्या वर, बहुतेक तिसऱ्या घिरटीला, खाल्ला. थंड आणि बेचव होता, आणि मला फार आवडला.

शिकागो

खाली धो धो पाऊस होता. फातिमा आपांचा मुलगा त्यांना घेऊन गेला. जाताना त्या आणि सुमन बहिणींसारख्या गळ्यात पडल्या. मीनल छत्री घेऊन उभी होती. पाया पडायच्या आधीच म्हणाली, "आई, तीन दिवसांपासून ढगच आहेत गं. चंद्र काही दिसत नाही. कॅलेंडरची वेळ पाहूनच सोडून टाक."

"माहा सुटला," सुमन म्हणाली. "ह्याइचा बी सुटला."

"बाबांचा?" मीनलनं माझ्याकडं पाहिलं. मी बॅगा मोजायला लागलो.

घरी वरण-भात, वांग्याची भाजी आणि तळलेले मोदक होते. सुमन दोनदा भात घेऊन जेवली. डबाही सुखरूप पोचला होता. उघडला तर उसळ आंबली होती, लाडू चांगले होते. जावयानं त्यातले चार एका बैठकीत खाल्ले.

पुढचे दोन महिने छान गेले, त्यांतलं एकच सांगतो. एका रविवारी मीनल आम्हाला गाडीनं गावाबाहेर घेऊन गेली. तासभर दोन्हीकडं मका आणि मध्ये मध्ये पिवळं पडलेलं पीक. सुमननं गाडी थांबवायला लावली. उतरून बांधावरनं एक शेंग तोडली, दातानं फोडली आणि दाणा दाबून पाहिला. "सोयाबीन हाय हो. आपल्यापेक्षा आठ दिवस मांगं हाय." साडेतेरा हजार किलोमीटर येऊन आम्ही पुन्हा सोयाबीनच्याच बांधावर उभे होतो. तेवढ्यात शेताचा मालक ट्रकसारखी गाडी घेऊन आला, ऐंशीच्या आसपासचा, डोक्यावर मळकी टोपी. मला वाटलं आता शेंग तोडली म्हणून बोलेल. मीनलनं आमची ओळख करून दिली, आम्हीही हेच पीक घेतो म्हणून सांगितलं. त्यानं आमच्याकडच्या पावसाची आणि पिकाच्या भावाची चौकशी केली, आपल्याकडं कापूस-सोयाबीनवाले भेटले की करतात तशीच. नजर पुरणार नाही असं मैलभर शेत त्याचं, आणि ते कापायला मशीन एक, माणसं दोन. आपल्याकडं तेवढ्यात अख्खा गाव उतरला असता, आणि डबे सुटले असते. जाताना त्यानंही विचारलं, किती लांबून आलात? मी आकडे सांगायला सुरुवात केली. मीनलनं भाषांतर करून संपवलं तेव्हा तो म्हाताराही मान डोलावत गाडीत चढला होता.

परत

परतताना आम्ही पूर्वेला आलो आणि रात्र, दिवस, सगळं भराभर अंगावरून गेलं. जाताना मिळालेले साडेदहा तास कधी गेले तेही कळलं नाही. आल्यावर मी ती लग्नपत्रिका शोधली. कोऱ्या बाजूची पृथ्वी तशीच होती. मी तिच्याखाली लाल पेनानं शून्य मार्क लिहिले आणि देव्हाऱ्याशेजारच्या कॅलेंडरच्या खिळ्याला लावून ठेवली. सुमननं ती पाहिली आणि तशीच राहू दिली.

काल सकाळी आम्ही दोघं भाजी घेऊन बसथांब्यावरून येत होतो. माझा एक जुना विद्यार्थी चिखलीच्या गाडीची वाट पाहत उभा होता. त्यानं विचारलं, "सर, मंग किती दूर हाय अमेरिका?" मी पिशवी खाली ठेवली, घसा साफ केला आणि मुंबई ते लंडनपासून सुरुवात करणार, तेवढ्यात सुमन पुढं झाली.

"लय दूर नाही बापू," ती म्हणाली. "एक उपास लागते. दोघाइचा."